दाबोळी, मोपा, चिपी: जवळजवळच्या तीन विमानतळांचं परीक्षण, आणि कुणी कुठे उतरावं

तिकिटाच्या ॲपमध्ये नुसतं 'गोवा' टाइप केलं की आता एकाच यादीत दोन वेगळे विमानतळ मिसळून येतात. जीओआय म्हणजे मुरगाव तालुक्यातला दाबोळी, जीओएक्स म्हणजे पेडण्यातला मोपा. दोघांतलं हवाई अंतर जेमतेम ४० किलोमीटर, पण रस्त्याने ते ६०-६५ होतं, आणि वाटेत झुआरी, मांडवी, पर्वरी, म्हापसा असे चार अडथळे. मोपाच्या उत्तरेला, सिंधुदुर्गात परुळ्याजवळ, तिसरा विमानतळ आहे: चिपी, कोड एसडीडब्ल्यू. तिन्ही एकाच किनारपट्टीवर, तिन्हींचं गिऱ्हाईकही बरंचसं एकच. एका प्रदेशातली वाढती विमान वाहतूक अनेक तळांवर वाटायची म्हणजे नेमकं काय होतं, हे मराठी मुलखात इतकं उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही.

गुण आधीच सांगून टाकतो. मोपाला पाचपैकी चार, दाबोळीला साडेतीन, चिपीला दीड. यात टर्मिनलच्या देखणेपणाला जवळपास शून्य वजन आहे. धावपट्टी दिवसाचे किती तास मोकळी असते, एक फेरी चुकली तर दुसरी कधी मिळते आणि दारातून बाहेर पडल्यावर मुक्कामी पोचायला काय पडतं, एवढ्यावरच हे गुण दिले आहेत.

दाबोळी: जागा छान, घड्याळ दुसऱ्याचं

दाबोळीचा तळ पोर्तुगीज राजवटीत, १९५० च्या दशकात बांधला गेला. गोवा मुक्तीनंतर तो नौदलाकडे आला आणि आजही ते नौदलाचं ठाणं आहे, आयएनएस हंसा. प्रवासी टर्मिनल म्हणजे नौदलाच्या अंगणात भारतीय विमानतळ प्राधिकरणाने थाटलेलं भाडेकरूचं बिऱ्हाड. धावपट्टी एकच आणि तिच्यावर पहिला हक्क लढाऊ वैमानिकांच्या सरावाचा. सर्वसाधारणपणे सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक या वेळेत नागरी विमानांना ती मिळत नाही.

साडेचार तास ऐकायला थोडे वाटतात. हिशेब करून बघा. आठवड्याचे साडेबावीस तास झाले. तासाला १० उतरणी-उड्डाणं धरली तरी २२५ उतरणी-उड्डाणांची जागा गेली, आणि तीही अशा वेळेची, जेव्हा हॉटेलं खोल्या रिकाम्या करायला सांगतात आणि पर्यटक परत निघतात. विमान कंपनीचं दुखणं तर याहून मोठं. मध्यम पल्ल्याचं एक विमान दिवसाला बारा-तेरा तास हवेत असलं तरच त्याचा हप्ता सुटतो. मुंबई-गोवा उड्डाण सव्वा तासाचं, उतरल्यावर पाऊण तासात परत निघायचं. अशी साखळी पहाटे पाचला सुरू होऊन मध्यरात्री संपते. तिच्या मधोमध साडेचार तासांचं भगदाड पडलं की ते विमान त्या वेळात दुसरीकडे फिरवावं लागतं आणि गोव्याच्या वाट्याला पहाटेच्या, भर दुपारच्या आणि रात्रीच्या फेऱ्या उरतात.

यातून प्रवाशाला काय भोगावं लागतं, ते आठवड्याच्या कुठल्याही कामाच्या दिवशी दुपारी दिसतं. धावपट्टी उघडली की सगळ्या कंपन्यांची विमानं एकदम. सुरक्षा तपासणीची रांग, सामानाचे पट्टे, बाहेरची प्रीपेड टॅक्सीची खिडकी, सगळं त्याच दोन-तीन तासांत तुंबतं. २०१३ च्या डिसेंबरात उघडलेलं टर्मिनल तसं पुरेसं मोठं आहे. दिवसभर समान गर्दी असती तर ते आणखी बरीच वर्षं आरामात चाललं असतं. इथे कमी पडतात ते तास, चौरस फूट भरपूर आहेत. टर्मिनल वाढवून हे सुटेल असं म्हणणाऱ्यांना हा फरक कुणीतरी समजावायला हवा.

म्हणून दाबोळीचं तिकीट काढताना दोन गोष्टी पाळा. पहिली, कामाच्या दिवशी धावपट्टी उघडल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातली फेरी टाळा, विशेषतः पुढे दुसरं विमान पकडायचं असेल तर. नौदलाचं काम थोडं लांबलं की सर्वांत आधी याच फेऱ्या सरकतात. दुसरी, शनिवार-रविवारच्या सकाळच्या फेऱ्या मिळाल्या तर त्या घ्या. तेव्हा सकाळ मोकळी असते आणि गर्दी दिवसभरात पसरते.

एकच धावपट्टी असण्याचा दुसरा धोका अपघाताचा. २०१६ च्या डिसेंबरात एक प्रवासी विमान उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवरून घसरलं आणि सकाळभर तळ बंद राहिला. २६ डिसेंबर २०२३ रोजी नौदलाच्या मिग-२९के विमानाचा टायर फुटला आणि ऐन नाताळच्या हंगामात काही तास धावपट्टी अडली. पण या दोन प्रसंगांत एक मोठा फरक होता: दुसऱ्या वेळी ४० किलोमीटरवर मोपा चालू होता.

जागेच्या बाबतीत मात्र दाबोळीला तोड नाही. वास्को चार-पाच किलोमीटर, मडगाव सुमारे २५, पणजी २७-३०, कोलवा-बाणावलीही २५ च्या आसपास, पाळोळे सुमारे ६०. नवा झुआरी पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची ती कुप्रसिद्ध कोंडी गेली आणि पणजीचा रस्ता खऱ्या अर्थाने सुटसुटीत झाला. सासष्टी, केपे, काणकोण, फोंडा, वास्को इथे जायचं असेल तर दाबोळीच. वेळ गैरसोयीची असली तरी दाबोळीच.

मोपा: घड्याळ आपलं, रस्ता लांब

मोपाची कागदावरची गोष्ट जुनी आहे. केंद्राने २००० साली तत्त्वतः मान्यता दिली तेव्हा नवा तळ सुरू झाला की दाबोळीची नागरी वाहतूक थांबवायची, असं ठरलं होतं. बेंगळुरूचा जुना एचएएल आणि हैदराबादचा बेगमपेट २००८ मध्ये असेच बंद झाले. गोव्यात दक्षिणेकडून ओरड झाली आणि २०१० मध्ये दाबोळी चालू ठेवायचा निर्णय झाला. पुढे पर्यावरण मंजुरीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१९ च्या मार्चमध्ये मंजुरी स्थगित झाली, २०२० च्या जानेवारीत स्थगिती उठली. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. नाव मनोहर पर्रीकरांचं, चालवणारी कंपनी जीएमआर.

धावपट्टी साडेतीन किलोमीटरची, म्हणजे मोठ्या रुंद विमानांनाही पुरणारी. आणि खरी गोष्ट ही की ती चोवीस तास नागरी विमानांची आहे. सकाळी नऊचं आणि अकराचं विमान गोव्यातून कामाच्या दिवशी सुटणं, हे मोपामुळे शक्य झालं. विमान कंपनीला इथे रात्री विमान मुक्कामी ठेवून पहाटे पहिली फेरी काढता येते आणि मधलं भगदाड नसल्याने साखळी अखंड राहते. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची होती. २०२३-२४ या पहिल्याच पूर्ण आर्थिक वर्षात मोपा त्याच्या आसपास पोचला. दाबोळीने २०१८-१९ मध्ये ८४ लाखांचा पल्ला गाठला होता, तो खाली आला. पण दोन्ही मिळून आकडा जुन्या उच्चांकाच्या बराच वर गेला. म्हणजे मोपाने दाबोळीचं थोडं ओढलं आणि उरलेलं नवं आणलं. हे नवं आलं ते सकाळच्या मोकळ्या तासांमुळे. शेजारी दुसरा तळ उघडला म्हणून वाढ आपोआप वाटली जात नाही; पहिल्याला जे देता येत नव्हतं ते दुसऱ्याने द्यावं लागतं.

कुठली कंपनी कुठे गेली, हे बघणं उद्बोधक आहे. ज्यांची गोव्याला दिवसात अनेक विमानं, त्यांनी दोन्हीकडे दुकान ठेवलं. ज्यांची एकच फेरी, त्यांनी एक जागा निवडली. कतार एअरवेजने २० जून २०२४ पासून आपली फेरी दाबोळीहून उचलून मोपाला नेली. फ्लाय९१ ही गोव्याची छोटी कंपनी २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाली तीच मोपाला तळ करून, ७० च्या आसपास आसनांची एटीआर विमानं घेऊन. कारण साधं आहे. दोन तळ म्हणजे दोन्हीकडे काउंटर, सामान हाताळणारी माणसं, शिड्या, ट्रॅक्टर, इंजिनियर, सुटे टायर. दिवसाला एकच फेरी असणाऱ्याला हा खर्च दुप्पट करून मिळतं काय? म्हणून सरकारने कितीही 'दोन्ही समान चालतील' म्हटलं तरी लहान कंपन्या एकीकडेच जमा होतात आणि त्यांच्यासोबत परदेशी फेऱ्याही.

पैशाचा ओढाही एकाच बाजूला आहे. मोपाच्या करारात राज्य सरकारला महसुलाचा ३६.९९ टक्के वाटा आहे, सुरुवातीच्या सवलतीच्या वर्षांनंतर. दाबोळीचं उत्पन्न केंद्राच्या प्राधिकरणाकडे जातं. त्यामुळे दक्षिणेतले हॉटेलवाले आणि टॅक्सीवाले 'दाबोळीचं भुताटकीचं विमानतळ होणार' म्हणतात तेव्हा त्यांना नुसतं घाबरट म्हणून सोडता येत नाही. अजून तसं झालेलं नाही. दाबोळी भरलेलाच आहे, आणि सासष्टीच्या हॉटेलांना तोच जवळ आहे तोवर राहीलही.

आता उणी बाजू, आणि ती सगळी रस्त्याची. मोपाहून हरमल सुमारे २०-२५ किलोमीटर, म्हापसा २५ च्या आत-बाहेर, कळंगुट सुमारे ३५, पणजी ३५-४०. इथवर ठीक. मडगाव मात्र ७० आणि पाळोळे शंभराच्या वर. महामार्गावर धारगळपासून विमानतळापर्यंतचा सहापदरी जोडरस्ता २०२४ मध्ये खुला झाला. त्याआधी गावातल्या अरुंद वाटांनी जावं लागे. जोडरस्ता उत्तम आहे, पण तो संपतो राष्ट्रीय महामार्ग ६६ वर, आणि तिथून दक्षिणेला कोलवाळ पूल, म्हापसा, गिरी आणि पर्वरी. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू असेपर्यंत पणजीहून निघणाऱ्याने नकाशाच्या ॲपमध्ये जो वेळ दिसेल त्यावर किमान ४५ मिनिटं चढवावीत. संध्याकाळी पाच ते आठ तर तासभर.

गोव्यात देशभरच्या नेहमीच्या ॲप-टॅक्सी नाहीत, हे बाहेरगावच्या माणसाला उतरल्यावर कळतं. दोन्ही तळांवर प्रीपेड खिडकी आणि गोवामाइल्स या स्थानिक ॲप-टॅक्सीचा काउंटर आहे. रात्रीचा जादा आकार वेगळा. दाबोळीहून वास्को किंवा चिखलीपर्यंत एकटा माणूस पायलटनेही, म्हणजे दुचाकीच्या टॅक्सीनेही जाऊ शकतो; मोपाच्या सड्यावरून, म्हणजे उंच पठारावरून, ते गणित बसत नाही. मोपाहून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या, विजेवरच्या बस पणजी, मडगाव आणि कळंगुटकडे सुटतात. स्वच्छ आहेत, सामान ठेवायला जागा आहे आणि टॅक्सीच्या मानाने भाडं नगण्य. पण त्या ठरल्या वेळांना सुटतात. विमान उतरणं, सामान मिळणं आणि बस यांचा मेळ बसला तर सोनं, नाही तर पुढच्या बसपर्यंत बसून राहणं. उतरण्याच्या वेळेत पाऊण तास मिळवा आणि त्यानंतर कुठली बस आहे ते कदंबच्या वेळापत्रकात आधी बघून ठेवा.

रेल्वेचं म्हणाल तर मोपाला सर्वांत जवळचं स्टेशन पेडणे, पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात; थिवी किंवा सावंतवाडी रोड बरं. पावसाळ्यात त्यावरही भिस्त ठेवू नका. २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वेच अडली होती.

हवामान हा मोपाचा दुसरा कच्चा दुवा. तळ उंच सड्यावर आहे. पावसाळ्यात खाली पेडण्यात नुसता पाऊस असतो तेव्हा वर सड्यावर ढगच टेकलेला असू शकतो. २२ मे २०२४ ला विजेमुळे धावपट्टीच्या कडेच्या दिव्यांत बिघाड झाला आणि सहा विमानं दुसरीकडे वळवावी लागली. इथे एक बारकावा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. जवळ दुसरा तळ असणं हे इंधनाच्या दृष्टीने चांगलं: पर्यायी तळ जितका जवळ तितकं जादा इंधन कमी न्यावं लागतं. पण जूनमध्ये मोपावर जो ढग आहे तोच बहुधा दाबोळीवरही आहे. म्हणून पावसाळ्यात पर्याय दूरचा धरावा लागतो आणि प्रवाशाला कळतं की आपण थेट बेंगळुरूला किंवा हैदराबादला पोचलो. यंत्र बिघडलं, धावपट्टी अडली, तर शेजारी उपयोगाचा. आभाळ भरलं तर दोघेही सारखेच.

दोन्हींच्या मध्ये अडकणारे

सर्वांत महागडी चूक म्हणजे चुकीच्या विमानतळावर जाणं. सकाळी दाबोळीला जाऊन उभं राहायचं आणि पडद्यावर आपलं विमान नाही. मग ६५ किलोमीटर, कमीत कमी दीड तास, हंगामात दोन. देशांतर्गत फेरीला बहुतेक कंपन्या सुटण्याआधी ६० मिनिटं काउंटर बंद करतात. म्हणजे ज्याला चूक तीन तास आधी कळली त्यालाही घाम फुटतो. तिकिटावर 'गोवा' शब्द वाचू नका, तीन अक्षरं वाचा. टॅक्सीवाल्यालाही 'एअरपोर्ट' न म्हणता 'मोपा' किंवा 'दाबोळी' सांगा. हॉटेलच्या गाडीला तर लिहून पाठवा.

जाताना एक आणि येताना दुसरा, असं तिकीट ॲप खुशाल देतं, कारण त्याला ते एकच शहर वाटतं. पर्यटकाला हे चालूनही जातं: हरमलला सुरुवात, पाळोळ्याला शेवट, मोपाला उतरा आणि दाबोळीहून निघा, हा खरंतर झकास बेत आहे. पण दोन प्रकारच्या लोकांनी सावध राहावं. भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी ती दुसऱ्या तळावर सोडायचा वेगळा आकार आधी विचारावा. आणि सावंतवाडी, दोडामार्ग, कोल्हापूर, बेळगावहून स्वतःची गाडी आणून पार्किंगला लावणाऱ्यांनी परतीचं तिकीट त्याच कोडचं आहे ना, ते पैसे भरण्याआधी बघावं. नाही तर उतरायचं दाबोळीला आणि गाडी मोपाला.

एका तळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असेल तर पाच तास ठेवा. सामानाला ४० मिनिटं, रस्त्याला दोन तास, काउंटर एक तास आधी बंद, सुरुवातीच्या विमानाला एक तास उशीर. बेरीज करा, हाती काही उरत नाही. दोन तिकिटं वेगवेगळी असतील तर पहिल्याच्या उशिराने दुसरं बुडालं तर कुणी भरपाई देत नाही.

स्वस्त कोणता, हा प्रश्न एकट्याला आणि कुटुंबाला वेगवेगळा लागू होतो. मडगावला जाणाऱ्या एकट्या माणसाला मोपाचं तिकीट हजार रुपयांनी कमी दिसलं तर ते हजार ४५ किलोमीटरच्या जादा टॅक्सीतच जातात. चौघांचं कुटुंब असेल तर चार हजार वाचतात आणि टॅक्सी एकच लागते. विमानतळाचं प्रवासी शुल्क दोन्हीकडे वेगवेगळं आहे आणि ते तिकिटातच घातलेलं असतं, म्हणून मूळ भाडं न बघता शेवटचा आकडा बघा.

चिपी: तळ आहे, फेरी कुठे आहे?

९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी सुरू झाला तेव्हा तळकोकणाने दिवाळी केली होती. अडीच किलोमीटरची धावपट्टी, मालवण-कुडाळ-वेंगुर्ला तिन्ही अर्ध्या-पाऊण तासावर, आणि 'उडान' योजनेखाली मुंबईची फेरी. चतुर्थीला रेल्वेच्या आरक्षणासाठी मध्यरात्री जागणाऱ्या चाकरमान्याला आणखी काय हवं?

आज तो तीनपैकी सर्वांत अशक्त आहे, आणि दोष धावपट्टीचा नाही. उडान योजनेत निवडलेल्या मार्गाला सरकार तीन वर्षं तूट भरून देतं, बदल्यात काही आसनं ठरलेल्या कमाल भाड्यात विकायची. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा, ही अपेक्षा. चिपीच्या मुंबई फेरीची ती मुदत २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये संपली आणि ती फेरी बंद पडली. त्यानंतर भार फ्लाय९१ च्या एटीआर फेऱ्यांवर आला.

फेरी का टिकत नाही, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण छोट्या तळांचं सगळीकडे असंच होतं. दिवसाला एकच विमान. ते रद्द झालं तर त्या दिवशी दुसरं नाही. दोनदा असं घडलं की माणूस पुढच्या वेळी थेट मोपाचं तिकीट काढतो, कारण तिथे सकाळचं गेलं तर दुपारचं आहे. प्रवासी मोपाला गेले की चिपीची आसनं रिकामी, आसनं रिकामी म्हणून फेरी कमी, फेरी कमी म्हणून भरवसा आणखी कमी. हे चक्र सुरू झालं की तळ कितीही जवळ असो, उपयोग नाही. कुडाळहून बांदा-पत्रादेवीमार्गे मोपा तासा-सव्वा तासावर आहे. त्या तासाभराच्या जादा वाटचालीत दिवसभराच्या पंधरा-वीस पर्यायांची खात्री मिळत असेल तर कुठलाही शहाणा माणूस ती वाट चालेल.

मोपा सुरू होण्याआधी चिपीला जेमतेम सव्वा वर्ष मिळालं. भारताच्या २००८ च्या हरितक्षेत्र (मोकळ्या जागी नव्याने बांधायच्या) विमानतळांच्या धोरणात १५० किलोमीटरच्या आत दुसरा तळ काढायचा असेल तर केंद्राने तपासून परवानगी द्यायची, असं आहे. परवानग्या दिल्या गेल्या, पण दोन राज्यांनी एकत्र बसून कोणी कसली वाहतूक घ्यायची हे ठरवलं नाही. चिपीने मोपाशी मुंबई-बेंगळुरूसाठी झुंजण्यात अर्थ नाही. चतुर्थी, शिमगा आणि मे महिन्याच्या हंगामी जादा फेऱ्या, विमानांचा रात्रीचा मुक्काम, उड्डाण प्रशिक्षण, आंब्याची मालवाहतूक, असं मोपाला नको असलेलं काम शोधलं तर दीडचे अडीच गुण होतील.

चिपीचं तिकीट काढलंच तर दोन सूचना. आदल्या संध्याकाळी फेरी चालू असल्याची कंपनीकडून खात्री करा. आणि त्याच दिवशी मुंबईहून पुढे परदेशी विमान असेल तर चिपीवर विसंबू नका; एक दिवस आधी निघा किंवा मोपा गाठा.

मुंबईकरांसाठी थोडक्यात

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली, तेव्हापासून गोव्याचा दाखला मुंबईला लावला जातो. अर्धाच लागतो. मुंबईच्या जुन्या तळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. म्हणजे तासांची टंचाई तिथेही आहे आणि त्या बाबतीत नवी मुंबई मोपासारखीच उपयोगी ठरेल. फरक प्रवाशांत आहे. गोव्याला येणारा माणूस गोव्यालाच येतो, इथे विमान बदलत नाही. म्हणून वाहतूक दोन तळांत फाटली तरी फारसं बिघडलं नाही. मुंबईत मात्र नागपूर, राजकोट, भोपाळहून येऊन परदेशी विमान पकडणारे पुष्कळ. त्यांचं पहिलं विमान उलव्याला, म्हणजे नवी मुंबईच्या तळावर, आणि दुसरं सहारला, म्हणजे जुन्या तळावर, असेल तर तो माणूस पुढच्या वेळी दिल्ली किंवा हैदराबादमार्गे जाईल.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलने हे भोगलेलं आहे. १९७५ मध्ये शहरापासून दूर मिराबेल उघडला, परदेशी विमानं सक्तीने तिकडे नेली, देशांतर्गत आणि अमेरिकेची तेवढी जुन्या डॉरव्हललाच ठेवली. दोन्हींत रेल्वे कधी झालीच नाही. विमान बदलणारे प्रवासी टोरंटोला वळले, १९९७ मध्ये परदेशी फेऱ्या परत डॉरव्हलला आणाव्या लागल्या आणि २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी वाहतूक बंद पडली. नवी मुंबईहून जोडविमान घेणाऱ्याने म्हणून एकच बघावं: दोन्ही विमानं एकाच विमानतळाच्या कोडवर आणि एकाच तिकिटावर आहेत का. नसतील तर भाडं कितीही कमी दिसो, ते तिकीट घेऊ नका.